खांबाचं कुंकू

साती जणी गं आसरा, आल्या डोंगर उतरून
धाकलीचं कुंकू पान्या, नको नेऊ रं धुऊन

हा आवाज सिंधूबाईच्या आईचा. उन्हाळ्यात ओढा आटला की आई वाळूत खड्डा उकरायची, झिरा लागला की त्यात उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि घागर भरेस्तोवर गात राहायची. खड्ड्यातून वर येणारा तो आवाज ओला लागायचा. काठावर बसलेल्या लहानग्या सिंधूला वाटायचं, आई गाते म्हणून पाणी वर येतं. गाणं थांबलं तर तेही परत वाळूत निघून जाईल.

“कुनाचं कुंकू गं आई?” तिनं एकदा विचारलं होतं.

“आपलंच. दुसऱ्याच्या कुंकवापायी कोन गळा सुकवतंय?” आई खड्ड्यातूनच म्हणाली होती. मग वाटी थांबवून, जरा हळू, “आन् आसरांसाठी केलेलं तोंडानं कुनाला सांगायचं नसतंय. सांगितलं का वाया गेलं.”

आई गेली, गाणं मागं राहिलं. पाण्यातल्या त्या सात बहिणींशी सिंधूबाईचा पुढं फारसा संबंध आला नाही. संसारात शेरडं होती, मेंढरं होती, नवरा भुजंग होता, लेकीचं, अंजलीचं, लग्न होतं. यंदा ज्येष्ठात भुजंगच्या छातीत कळ निघाली आणि त्याला नांदेडला नेलं, तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर बसल्याबसल्या तिला ती ओवी आठवली. तिनं डोळे मिटून आसरांना सांगितलं, माझं कुंकू राखा, तुमची वटी भरीन. भुजंग वाचला. गोळ्यांची पिशवी आणि डॉक्टरची बोलणी घेऊन घरी आला. पण वटी भरायची कुठं? ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. आणि मग श्रावणात पाणी आलं, ते डोंगर सोबत घेऊनच आलं.

साखरा गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठानं, मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांची लहानशी वस्ती आहे. वस्तीच्या मागं ओढा दोन टेकड्यांच्या चिमट्यातून खाली येतो. सततच्या पावसानं त्यातली एक टेकडी फुगली आणि एका पहाटे मुरूम, काळे धोंडे, उभे पळस असं सगळं घेऊन ओढ्यात येऊन बसली. ओढा अडला. ढिगाऱ्यामागं पाणी साचत साचत तळं झालं. खाली वस्ती, वर तळं, आणि मधे कुणी बांधला नाही, कुणी दाबला नाही, असा आयता बांध.

त्या बांधावर नजर ठेवायला हिंगोलीच्या ऑफिसातून रागिणी मॅडम येऊ लागल्या. तिशीच्या आतबाहेरची पोरगी, बाळापूरची. बोलायची पुस्तकातलं, पण चिडली की बाळापूर बाहेर यायचं, आणि ती बहुतेक वेळ चिडलेलीच असायची. वस्तीपर्यंत रस्ता नव्हता म्हणून चिडायची, फोनला रेंज नव्हती म्हणून चिडायची. ढिगाऱ्याला वरून भेग पडली होती. भेगेच्या दोन्ही अंगांना तिनं खुंट्या ठोकल्या होत्या, मधलं अंतर वाढतंय का ते टेपनं पाहायला. त्यातली एक खुंटी सिंधूबाईच्या शेजारणीच्या, रुख्मिणीबाईच्या करडानं खेळता खेळता पाडली.

“मावशी, शेळ्या आवरा ना जरा.”

“शेरडाला काय ठावं बाई सरकारी खुंटी कोनती आन् आमची कोनती?” रुख्मिणीबाई म्हणाली. “तिला नंबर तरी टाकायचा.”

“टाकला होता, मावशी. तुमच्या शेळीनं चाटला.”

आणि मग तो खांब. बाभळीची सरळ बल्ली, तिला पांढरा रंग, पांढऱ्यावर काळ्या रेघा, आणि वर, बाईमाणसाच्या कपाळाच्या उंचीला, एक लाल पट्टा. तळ्याच्या उतरत्या काठावर, पाण्यात चार पावलं आत, मॅडमनी तो ठोकून घेतला. लाल पट्टा कशासाठी, तेही तिनं नीट समजावलं. पण समजावलं ते बिरोबाच्या देवळापुढं, लिंबाखाली बसलेल्या बाप्यांना. बायांना बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाया शेरडांमागं गेल्या होत्या. मॅडमला वाटलं, बाप्ये घरी जाऊन सांगतील. बाप्यांना वाटलं, यात बायांना सांगण्यासारखं काय आहे. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, की सरकारनं तळ्यात खांब रवला.

खांबावर पाणी कोणत्या रेघेला आहे ते रोज सकाळी फोन करून कळवायचं काम भुजंगला मिळालं. आजारामुळं मेंढरांमागं फिरणं त्याला बंद होतं, म्हणून वस्तीनं त्याचंच नाव पुढं केलं. मॅडमनी त्याला बजावलं, “तळ्याकडं बघून अंदाज सांगायचा नाही, भुजंगराव. खांबाकडं बघायचं. खांब बोलतो तेवढंच मला सांगायचं.”

हे वाक्य भुजंगनं असं मनावर घेतलं, जसं काही त्याला नोकरीच लागली. रोज सकाळी टोपी घालून तो चढण चढायचा. खांब पाहायचा, मग रेंजसाठी तिथल्या उंच खडकावर चढायचा आणि बटणाच्या फोनमध्ये ओरडायचा. वस्तीत कुणाला हाक मारतानाही त्याचा तसा आवाज निघत नसे.

“हॅलो! भुजंग बोलून राहिलो! खालून तिसरी रेघ! पट्टा कोरडा!”

“फोनमदी बोला, डोंगराला काहून सांगून राहिले?” सिंधूबाई खालून म्हणायची. “आन् उतरा त्या खडकावरून. डाक्टरनं काय सांगितलं होतं? आवाज चढवू नका, पायऱ्या चढू नका. तुमी दोन्ही संगच करून राहिले.”

“सरकारी काम हाय, सिंधे.”

“सरकार येनार हाय का गोळी द्यायला?”

कळमनुरीला दिलेली अंजली फोनवर वेगळीच भांडायची. बाबाला घेऊन इकडं ये, ते तळं फुटलं म्हणजे? सिंधूबाईला त्याचाही वैताग यायचा. शेरडं कुणाच्या भरवशावर सोडायची? आणि तळं फुटतं म्हणजे काय? डोंगर बसलाय तिथं. बसलेला डोंगर कुठं उठून जातो?

खांब उभा राहिल्यावर बाया पहिल्यांदा पाण्यावर गेल्या तेव्हा सगळ्या थबकल्या. धुकं होतं. तळं दुधासारखं पडलेलं, आणि त्यात पांढरं नेसलेली, कपाळी लाल लावलेली एक जण पाण्यात उभी. पाऊल पाण्याखाली, नजर वस्तीकडं.

“खांब हाय तो,” सिंधूबाई म्हणाली.

“मला दिसून राहिलं खांब हाय,” रुख्मिणीबाई म्हणाली. “बिरोबाबी दगडच हाय का न्हाई?” आणि तिनं पुढं होऊन खांबाला हळद लावली. दुसरीनं हिरवी बांगडी बांधली. काठावर आसरांसाठी सात दगड मांडायचे ठरले. सहा मिळाले, सातवा मनासारखा मिळेना. शेवटी एक छान चपटा दगड सापडला, त्यावर पांढरा बाण काढलेला होता. रुख्मिणीबाई म्हणाली, हा तर आधीच सजून बसलाय. त्यालाही शेंदूर लागला.

सिंधूबाईनं त्या दिवशी वटी भरली. खण, नारळ, तांदूळ. कपाळ टेकताना तिच्या मनात कसलीही शंका नव्हती. तिनं पाणी मागितलं नव्हतं, कुंकू मागितलं होतं. पण वटी घ्यायला आसरा स्वतःच आल्या, डोंगर उतरून, गाण्यातल्यासारख्या.

मग पाऊस लागला. दोन-चार दिवसांनी ती शेरडं घेऊन वर गेली तर पाणी चढलेलं. त्या पांढऱ्या बाईच्या कमरेच्या वर, छातीच्या वर. लहान लाटा वर उसळत होत्या, आणि लाल पट्ट्याची खालची कड भिजली होती. पाणी कुंकवापर्यंत आलं होतं. खाली वस्तीत भुजंग अजून झोपलेला होता. रात्री तो दोनदा उठून बसला होता, घाम पुसत.

तिनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली.

खुंट उपटणं, रवणं हे काही तिला शिकायचं नव्हतं. मेंढरं बसवायची म्हणजे दर मुक्कामाला जाळ्याचं कुंपण घालायचं, आणि कुंपण म्हणजे खुंट. आज इथं ठोका, परवा उपटा, दुसऱ्या शेतात ठोका. लग्न होऊन आल्यापासून तिनं किती खुंट हलवले असतील याला गणती नाही. खुंट ओढायचा नसतो, आधी मागंपुढं डोलवायचा असतो, म्हणजे मातीच तो सोडते. ओल्या चिखलानं खांब सहज सोडला. तिनं तो लेकरासारखा खांद्याशी धरला, मागं सरत काठाकडं आणला, जिथं पाणी घोट्याला लागत होतं तिथं रवला, दगडानं ठोकला. पट्टा पदरानं पुसून कोरडा केला. हळद धुऊन गेली होती, ती पुन्हा लावली.

“आता ऱ्हावा इथं,” ती म्हणाली. “पाय भिजू द्या. कपाळ न्हाई.”

घरी आली तेव्हा भुजंग चहा पीत बसला होता आणि त्याला भूक लागली होती. आजारानंतर पहिल्यांदा त्यानं स्वतःहून भाकर मागितली. सिंधूबाईनं चुलीकडं तोंड करून डोळे पुसले आणि भाकर थापायला घेतली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं नसतंच.

त्यानंतर पाणी पट्ट्याजवळ आलं, की ती खांब वर घ्यायची. तळं काठ खात वर यायचं, ती त्याच्यापुढं खांब घेऊन वर सरायची. भुजंग वर जायचा, टोपी सारखी करायचा, खांब पाहायचा आणि खडकावरून इमानेइतबारे ओरडायचा. कधी पाचवी रेघ, कधी सहावी, आणि मग एकदम खालून पहिली.

एकदा त्यानं जेवताना घास थांबवला. “सिंधे, तळं मोठं दिसून राहिलं मला.”

“तुमचे डोळे. गोळ्यांनी तसं दिसतंय.”

“म्हनजे पळसाची झाडं दिसत व्हती ती आता—”

“मॅडम काय म्हनल्या? अंदाज सांगायचा न्हाई.”

“ते बी बराबर हाय,” भुजंग म्हणाला आणि घास गिळला.

इकडं मॅडमचं डोकं फिरायची वेळ आली होती. एका दुपारी ती चिखलानं भरलेले बूट आपटत वस्तीत आली, पाणी मागितलं, पिलं नाही, तांब्या तसाच धरून भुजंगपुढं उभी राहिली.

“भुजंगराव, तळं आहे का बाजाची पेटी? चढतं, उतरतं, चढतं, उतरतं. तीन दिवस पाऊस कोसळतोय आणि पाणी उतरतंय. कसं?”

“ते खांबाला विचारा. तुमीच म्हनल्या, खांब बोलन तेवढंच सांगा.”

“खांब हलवला तर नाही ना कुणी?”

सिंधूबाई शेळीची धार काढत होती. तिचे हात थांबले. शेळीनं मान वळवून पाहिलं. बाई अशी मधेच का थांबली, ते तिला कळेना.

“देवीला कोन हलवल?” रुख्मिणीबाई आपल्या दारातून म्हणाली, आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं. तिच्या मनात तसं आलंसुद्धा नव्हतं.

“कोणती देवी?”

मग मॅडमला वर नेऊन दाखवावं लागलं. हळद, बांगड्या, सुकलेले नारळ, सात दगड. मॅडम दगडांपुढं उकिडवी बसली. सातव्यावरचा शेंदूर तिनं नखानं खरवडला. खालून पांढरा बाण निघाला.

“ही माझी खूण होती,” ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की बायांना वाटलं आता ही रडते. “खांबाची जागा कळावी म्हणून केलेली खूण. कुठं होता हा दगड?”

“तिकडं कुटं तरी,” रुख्मिणीबाईनं तळ्याकडं हात केला. “पन आता शेंदूर लागलाय, उठवता येनार न्हाई त्याला.”

“मी पक्का सिमेंटचा खांब मागितला होता,” मॅडम कुणाशीच नाही असं बोलली. “ऑफिस म्हणतं, तळं तात्पुरतं आहे, खांब तात्पुरता चालेल. दुसरा माणूस मागितला, तर म्हणे भुजंगराव आहेत ना. आणि इथं माझी खूण कुंकू लावून बसलीय.” ती उठली, हात झटकले, शेंदूर निघेना, तशीच गेली. तिच्या पाठीकडं पाहताना सिंधूबाईला वाईट वाटलं. लेक कळमनुरीला रुसून जाते, तेव्हा तिचीही पाठ अशीच दिसते. तोंडापर्यंत शब्द आला होता. मग तिला नांदेडच्या दवाखान्यातली फरशी आठवली आणि तिनं तो मागं लोटला.

भाद्रपद संपता संपता पावसानं पुन्हा धरलं. दिवसभर नुसता सूर लावून पडायचा. शेरडं आडोशाला कोंबून बसलेली, सरपण ओलं, घराघरात धूर. अशातच एका सकाळी वस्तीत ट्रॅक्टरचा आवाज आला. वरच्या तांड्यावरचा अमरसिंग ट्रॉली लावून आला होता, आणि ट्रॉलीत, डोक्यावर पोतं घेऊन, रागिणी मॅडम. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. आतलं पाणी चहासारखं.

“हे बांधाच्या पायथ्यातून निघतंय,” ती सगळ्यांना म्हणाली. “परवापर्यंत नितळ होतं. आता गढूळ आहे, म्हणजे पाणी आतून माती घेऊन येतंय. बांध आतून पोखरतोय. सगळे ट्रॉलीत बसा. साखऱ्याच्या शाळेत सोय केलीय.”

कुणी हललं नाही.

“शाळंत शेरडं घेतेत का?” रुख्मिणीबाईनं विचारलं.

“माणसं आधी, मावशी.”

“मंग शेरडं काय बांधावर बसवू?”

“आओ मावशी, मी नेतो शेरडं दुसऱ्या खेपेला,” अमरसिंग स्टिअरिंगवरून म्हणाला. “माझी बी डिझेलची चिंता मीच करीन. पन चढा आता, मॅडमनी सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. घरवालीनं, शकुंतलानं, तर मला उठवून हाकललं.”

“पन पानी तर पट्ट्याखाली हाय,” भुजंग पुढं आला. टोपी, ओला सदरा, हातात फोन. “सकाळीच पाहून आलो. खालून दुसरी रेघ. खांबानं सांगितलं तरच उठायचं, असं ठरलं व्हतं लिंबाखाली. ठरलं व्हतं का न्हाई?”

“ठरलं होतं.”

“मंग?”

मॅडमनं डोक्यावरचं पोतं काढून फेकलं. पाऊस तिच्या तोंडावर येत होता. “मंग काय, भुजंगराव? एवढ्या पावसात दुसरी रेघ? काहून खोटं बोलून राहिले तुमी? हॉटेलात बसून रेघा सांगता का मला? तुमच्या त्या रेघा मी वर कळवते, आणि वरून मला उत्तर येतं की पाणी स्थिर आहे, घबराट करू नका. बाजूनं चर काढून पाणी हळूहळू सोडायला मशीन मागितलं होतं. ते मशीन तुमच्या रेघांनी दुसरीकडं गेलंय.”

भुजंगचा चेहरा उतरला. मग तो लाल झाला. वस्तीदेखत त्याला आजवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

“चला,” तो म्हणाला. “वर चला. डोळ्यानं पाहा. खोटं निघालं तर ही टोपी त्याच पान्यात टाकतो.”

“तुमी नका चढू,” सिंधूबाई म्हणाली. “ऐका माझं.”

त्यानं ऐकलं नाही. तो पुढं, मागं मॅडम, मागं अर्धी वस्ती. चढणीवर तो दोनदा थांबला, छातीवर हात ठेवून, जणू खिशातलं काही चाचपतोय असं दाखवत. सिंधूबाई पाठोपाठ चढत होती. तिच्या ओठांवर आईची ओवी होती, पण सूर लागत नव्हता.

तळं भरून पडलं होतं. त्यावर पाऊस फुटाण्यासारखा फुटत होता. काठाशी, घोट्याएवढ्या पाण्यात, खांब उभा होता. दुसरी रेघ. हळद ताजी. लाल पट्टा वर, पाण्यापासून लांब.

भुजंगनं बोट दाखवलं. बोलायला त्याला दम पुरला नाही.

मॅडमनं पुढं होऊन रेघा मोजल्या. मग तिनं हात जोडले. “चुकले मी. सगळ्यांपुढं बोलले, सगळ्यांपुढं माफी मागते. तुम्ही बरोबर सांगत होतात.”

“बराबरच सांगत व्हतो,” भुजंग म्हणाला. रुसलेल्या पोरासारखा म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला. “तुमी शिकल्या सवरल्या. आमी तुमचंच ऐकून राहिलो, आन् तुमीच म्हनता खोटं.”

मॅडम खडकावर चढली. फोन लावला. पावसात तिचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. हो सर. दुसरी रेघ. स्वतः पाहिलं. गढूळ आहे, पण पातळी खाली आहे. नाही सर, नाही उठवत. हो, घबराट नको. लेखी पाठवते. फोन ठेवून ती खाली उतरली, आणि मघापासून आलेलं सगळं अवसान तिच्या खांद्यांतून गळून गेलं. काठावरूनच तिनं खाली हाक मारली, “अमरसिंगभाऊ, जा तुम्ही. राहू द्या.”

खाली ट्रॅक्टरनं धूर काढला. चिखलात चाकं फिरू लागली.

“म्या म्हनलं व्हतं,” रुख्मिणीबाई समाधानानं म्हणाली. “देवी हाय तवर काय व्हतंय? बघा की, एवढ्या पावसात बाईचं कुंकू कसं कोरडं हाय.”

“ते कुंकू नाही हो, मावशी,” मॅडम म्हणाली. चिडायलाही तिच्यात जोर उरला नव्हता. “तो धोक्याचा पट्टा आहे. तळं तिथवर भरलं, की वस्ती रिकामी करायची; त्याच्याही वर चढत गेलं तर कधीही बांधावरून सांडेल, आणि असला कच्चा बांध वरून सांडला की टिकत नाही. घटकाभरात ओढा होऊन खाली येतो. म्हणून तो लाल. पाणी त्याला लागलेलं दिसावं, म्हणूनच तो लावलाय. पाणी लागलं, की तुम्ही पळायचं. एवढंच त्याचं काम. सांगितलं नाही का घरात कुणी?”

बायांनी बाप्यांकडं पाहिलं. बाप्यांनी तळ्याकडं पाहिलं.

सिंधूबाई जागच्या जागी उभी होती. पावसाचं पाणी तिच्या कपाळावरून खाली येत होतं, कुंकवातून, नाकाच्या शेंड्यावर. तिनं पदरानं ते पुसलं नाही. लाल पट्टा भिजलेला तिनं किती वेळा पाहिला होता, आणि दर वेळी किती जपून पुसला होता, ते तिच्या हातांना आठवत होतं.

“मी जाऊन पडतो जरा,” भुजंग म्हणाला. त्याच्या ओठांभोवती निळं दिसत होतं, पण तो खुशीत होता. “लई दमलो. घरी जाऊन निवांत झोपतो आता.” आणि तो उतरायला लागला. खाली. वस्तीकडं, बांधाच्या पोटाशी असलेल्या त्यांच्या घराकडं.

ट्रॅक्टर अजून वळत होता. ट्रॉलीचं मागचं चाक खड्ड्यात अडकून घरघरत होतं.

न बोललं तर नवस राखला जाणार होता. नवरा सगळ्यांपुढं खरा ठरला होता, मॅडमनं हात जोडले होते, कुणाला कधी काही कळलं नसतं. आईचा आवाज झिऱ्याच्या खड्ड्यातून आला, ओला, लांबून. सांगितलं का वाया गेलं. सिंधूबाई चार पावलं धावली आणि तिनं भुजंगचा दंड धरला. सगळ्या वस्तीदेखत, जन्मात पहिल्यांदा.

“तुमी खाली जायचं न्हाई.”

“आता तुला काय झालं?”

“मॅडम, अमरसिंगला वापस बोलवा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “हाक मारा आधी, मंग ऐका. यांनी एक शब्द खोटा सांगितला न्हाई. खांबानं जे दावलं ते सांगितलं. खांबाला म्या खोटं केलं.”

 मॅडम तिच्याकडं वळली.

“पानी कपाळाला लागलं, का म्या खांब उपटायची आन् वर आनून रवायची. पह्यल्या पावसापासून. यांच्यासाठी केलं, यांच्या छातीसाठी. तुमचा खांब इथं नव्हता, बाई.” तिनं दंड सोडला नाही. दुसरा हात तिनं तळ्याकडं उचलला, काठापासून लांब, जिथं बुडालेल्या पळसाची शेंड्याची काटकी तेवढी पाण्याबाहेर हलत होती. “तो तिकडं व्हता, त्या पळसापाशी. तुमचा पट्टा कव्हाच बुडलाय.”